आडवळचं पहिलं खळं

कडेकडेने या, मधून नको. त्या माडाच्या आळ्याला वळसा घालून या, तिथून वाट आहे. चपला राहू द्या पायात, फक्त त्या पावलांवर पाय देऊ नका.

आता इथे दगडी गडग्यावर बसा आणि बघा. मघाशी तुम्ही विचारत होतात ते हेच. अंगण नुकतं सारवलेलं आहे, कडा अजून ओलसर आहेत, आणि त्यात घराच्या पायरीपासून थेट बेड्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या या बांबूच्या फाटकापर्यंत, उघड्या पायांचे ठसे गेलेत. आमच्या आडवळमध्ये पावसाळा सरला की एका ना एका घरापुढे हे दिसतं. गेल्या वर्षी आलेल्या एका बाईंनी तर त्यांना हळदकुंकू वाहिलं, लक्ष्मीची पावलं समजून. श्रद्धेने वाकलेल्या माणसाला कशाला हटकायचं? पण लक्ष्मी दारातून आत येते हो. ही पावलं बाहेर चाललीत. शिवाय लक्ष्मीच्या टाचांना भेगा असतात असं मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

हे घर आमच्या द्रौपदीचं. तिचा थोरला मुलगा श्रावणात गेला, काविळीने. पावलं तिची आहेत. ती आता शेतावर आहे म्हणून तुम्हाला इथे आणलं. ती घरी असती तर आणलं नसतं.

आम्ही अंगणाला खळं म्हणतो, कारण भात इथेच झोडतो. चार महिने पाऊस त्याची पार रया घालवतो. गवत माजतं, शेवाळ धरतं, गुरांच्या खुरांनी खड्डे पडतात. पाऊस गेला की सगळं खणायचं, ढेकळं फोडायची, पाणी मारून भिजवायचं, फळीने सारखं करायचं आणि चोपण्याने चोपायचं. चोपणं म्हणजे मुठीची जाड लाकडी फळी. दिवसभर चोपलं की रात्री हाताने घास उचलत नाही. मग वरून शेणाचं जाड सारवण. ते सुकलं की शेतातलं भात आणून झोडायला घ्यायचं. खळं झालं नाही तर घरात दाणा येत नाही, इतका साधा व्यवहार आहे.

सारवण ओलं असताना त्यावर पाय ठेवायचा नाही, हे तुमच्या आजीनेही तुम्हाला सांगितलं असेल. आमच्याकडेही पोराने पाय ठेवला तर त्याची आई पाठीत धपाटा घालते. फक्त वर्षाच्या पहिल्या खळ्याला हा नियम लागू नाही. तो कसा मोडला त्याची ही गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. माझे आजोबा सांगायचे आणि तेही 'म्हणे' लावूनच सांगायचे. आम्ही इथले गुरव. देवाची पूजा आणि गावच्या गोष्टी, दोन्ही आमच्याच गळ्यात.

तर त्या काळी गावातलं पहिलं खळं मानकऱ्याचं व्हायचं. त्याच्या खळ्यावर पहिलं चोपणं पडल्याशिवाय गावात दुसरं कुणी कुदळ उचलायची नाही, आणि शेतातली पहिली पेंढी मानकऱ्याने खळ्यात आणल्याशिवाय कुणी भाताला हात लावायचा नाही. तुम्हा शहरातल्या मंडळींना हा मान म्हणजे काय प्रकार आहे ते कळणं कठीण. तुमच्याकडे लिफ्टमध्ये आधी कोण शिरलं म्हणून कुणाचं वैर होत नाही. आमच्याकडे पालखीला आधी खांदा कुणाचा, यावरून दोन भावकींनी पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या लग्नात पाणी प्यायलेलं नाही.

मानकरी होता बुधाजी. त्याची बायको गिरजा. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. गिरजा उंच, हाडापेराने मोठी बाई होती, पुरुषासारखी भारा उचलायची. बुधाजी वाईट माणूस नव्हता, असं सगळे सांगतात. थोडा संथ होता इतकंच. मानाच्या माणसाला घाई करायची सवय नसते. लोक त्याच्यासाठी थांबतात, तो कुणासाठी धावत नाही.

भाद्रपद संपत आला होता. त्या संध्याकाळी जोराचा पाऊस लागला आणि त्यांची गाभण गाय घरी आली नाही. बुधाजी ओटीवर विड्याचं पान जुळवत बसला होता. गिरजा म्हणाली, "ओहळ भरलो तर गाय पलीकडेच अडाकतली."

"पावस थांबांदे, मगे जातंय," बुधाजी म्हणाला.

तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा तेच म्हणाली. त्यानेही पुन्हा तेच सांगितलं. मग तिने डोक्यावर इरलं घेतलं आणि त्या पावसात एकटीच गेली. पुढे काही वेळाने पाऊस थांबला. बुधाजी बोलल्याप्रमाणे उठला आणि तिच्या मागे निघाला. गाय त्याला वाटेतच भेटली, आपली आपण घरी येत होती. गिरजा भेटली नाही.

सगळा गाव दिवट्या घेऊन ओहळावर गेला. तिसऱ्या दिवशी ती खाली वळणावर, करंजाच्या मुळांत अडकलेली सापडली. घरी आणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिथेच काठावर अग्नी दिला.

ते सगळे दिवस बुधाजीचं घर उघडं पडलं होतं. खळ्यात कुणाचं पाऊल नाही. आणि तो पाऊस त्या पावसाळ्यातला शेवटचा निघाला. दुसऱ्या सकाळपासून जे कडक ऊन पडलं ते हटेचना. हस्त नक्षत्र सगळं कोरडं गेलं. ओहळावरून परत येताना बुधाजी बेड्यापाशी पोहोचला आणि थांबला. चिखल वाळून कडक झाला होता आणि त्यात पावलं होती. घराच्या पायरीपासून निघालेली, त्याच्या पायाशी येऊन संपलेली. बाहेर जाणारी, परत न आलेली.

मागून सगळा गाव येत होता. बुधाजीने दोन्ही हात पसरून बेडं अडवलं.

"हंयसून कोणी जावं नकात," तो म्हणाला. "ती गेली ती पावलां."

लोक गोठ्याच्या बाजूने मागल्या दारी गेले. त्या दिवसापासून बुधाजीच्या घरी यायचं तर मागल्या दाराने, असं ठरून गेलं. कोंबड्या चालतील म्हणून त्याने पावलांवर डालगी पालथी घातली. डालगी पुरेनात तेव्हा शेजारपाजारच्या टोपल्या मागून आणल्या. एका पावलावर गिरजाचं जुनं इरलं ठेवलं. सकाळी एकेक टोपली उचलायची, पाऊल बघायचं, पुन्हा झाकायचं. मग ओटीवर बसून राहायचं.

तो रडला नाही, असं सांगतात. रडला असता तर बायामाणसांनी त्याला सावरलं असतं, ते त्यांना जमतं. हा विचारलं तर उत्तर द्यायचा. ताट वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. एकदा कढत पेज वाटीभर तशीच घटाघटा प्याला. वाढणारी बाई ओरडली, तेव्हा तिच्याकडे नुसता बघत राहिला, जीभ भाजली ती जशी काही तिचीच होती. गाय व्याली, ते त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. तो "बरां झाला" म्हणाला आणि पुन्हा टोपल्यांकडे बघू लागला.

इकडे ऋतू बदलला. आभाळ निवळलं, सकाळी गवतावर दव दिसू लागलं, दुपारचं ऊन टोचू लागलं. हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात पिकून पिवळं झालं. आम्हा शेतकरी माणसांना हे दिवस फार आवडतात. चार महिने ओल्या कपड्यांचा वास घेऊन कंटाळलेलो असतो, घरदार बाहेर काढून उन्हात घालावंसं वाटतं, भांडणंसुद्धा मिटवावीशी वाटतात. लोक म्हणतात, निसर्ग नवा होतो तसं माणसानेही नवं व्हावं. चांगलं आहे ऐकायला. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलंय ना, त्याला त्या स्वच्छ उन्हाचा राग येतो. बुधाजीला तर रागही येत नव्हता. पाऊस गेला हेच त्याच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. त्याच्याकडे अजून त्या संध्याकाळचा ओला चिखल होता, आणि तो त्याने टोपल्यांखाली जपून ठेवला होता.

खळं करायचं म्हणजे ती पावलं खणायची. ती खणायला मानकरी तयार नाही, म्हणून मानकऱ्याचं खळं नाही, आणि मानकऱ्याचं खळं नाही म्हणून गावात कुणाचंच नाही. भात शेतात उभं राहिलं. दाणे गळायला लागले, पोपटांचे थवे उतरायला लागले. काहींनी धीर सोडून कापणी केली आणि पेंढ्या बांधावरच रचून ठेवल्या. खाली जमिनीत ओल होती. तळातल्या पेंढ्या तापल्या आणि दाण्यांना मोड आले. दिवाळी आली, तेव्हा नव्या भाताचे पोहे एकाही घरात नव्हते. पोरांना जुन्या नाचणीची भाकरी पाण्यात बुडवून दिली, म्हणे. पुढचं वर्षभर काय खायचं हा प्रश्न आता दारात येऊन उभा होता, आणि लोक रोज मागल्या दाराने बुधाजीकडे जायचे, पडवीत बसायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि उठून यायचे.

तुम्ही म्हणाल, मग आपापली खळी करून घ्यायची. तसा विचार निघाला होता. म्हणून देवाला कौल लावला. कौल म्हणजे देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावाने विचारलं, मानकऱ्याच्या आधी दुसऱ्याचं खळं केलं तर चालेल का? सगळा गाव सकाळपासून उन्हं कलेपर्यंत देवळात बसून राहिला. उजवीही पडली नाही आणि डावीही पडली नाही. देव बोलायलाच तयार नाही, असं म्हणत लोक घरी गेले. कळ्या लावणारा गुरव होता धाकू, आमच्याच घराण्यातला. त्यामुळे मला माझा संशय आहे. मानकऱ्याला घाबरून धाकूने कळ्या अशा दाबून बसवल्या असणार की भूकंप झाला तरी हलू नयेत. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गावातल्या सगळ्यांना, अगदी सगळ्यांना, आणखी एक गोष्ट माहीत होती. ती कुणी कुणाशीही बोलत नव्हतं, नवरा बायकोशीसुद्धा नाही. बोललं तर ती मानकऱ्याच्या कानावर जाईल, आणि मग ते त्याच्या तोंडावर सांगितल्यासारखंच होईल, या भीतीने. भीती होती आणि दयाही होती. दोन्ही एकत्र आल्या की आमच्या गावाची तोंडं शिवल्यासारखी बंद होतात.

कार्तिक लागल्यावर गिरजाची आई आली. तिचं नाव सत्यभामा. गाव घाटाच्या पायथ्याशी, आणि निरोप पोहोचला तेव्हा ती तापाने अंथरुणाला खिळलेली होती. चालवू लागल्यावर ती काठी टेकत एकटीच निघाली. बेड्यापाशी लोकांनी तिला सांगितलं, मागल्या दाराने जा. का, ते तिने विचारलं नाही. मागून गेली, पाणी प्याली, जावयाशेजारी भिंतीला टेकून बसली.

सकाळी बुधाजीने रोजच्यासारखी एकेक टोपली उचलली. म्हातारी मागे मागे आली. पहिल्या पावलापाशी ती उकिडवी बसली आणि बराच वेळ बघत राहिली. बोटाने टाच चाचपली, बोटं चाचपली. मग म्हणाली, "जावयबापू, हे माझ्या चेडवाचे पाय न्हय."

"मामी, तुमका नीट दिसणा नाय," बुधाजी म्हणाला.

"माका दिसता. तिचे पाय तेल लावन मी मोठे केले." मग ती हळूच म्हणाली, "आणि ती गेली तेवा पावस पडत होतो मां? पडत्या पावसात उमटलेले पाय ऱ्हवतत खंय?"

हेच ते. हेच सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी कोण कधी गेलं आणि पाऊस कधी थांबला, हे सगळ्या वाडीने बघितलं होतं. गिरजाची पावलं तर ती बेड्याबाहेर पडायच्या आधीच धुऊन गेली होती.

बुधाजी तसाच उठला आणि धाकू गुरवाकडे गेला. "ह्या खरा?" एवढंच त्याने विचारलं. धाकूने मान खाली घातली. "सगळ्यांका ठावक होता?" धाकू म्हणाला, "तुमका कोण सांगतलो, मानकऱ्यांनू?" बुधाजी परत आला. त्या दिवशी त्याने पावलांवर टोपल्या घातल्या नाहीत. कोंबड्या त्यावरून खुशाल फिरल्या. तो ओटीवर बसून बघत राहिला. म्हातारीने पेज करून त्याच्यापुढे ठेवली, ती तशीच निवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायरी उतरला आणि पहिल्या पावलात त्याने आपला उजवा पाय ठेवला. टाच टाचेत बसली, बोटं बोटांत बसली. मग डावा. मग पुन्हा उजवा. ढांगही त्याचीच. असा तो आपल्याच पावलांत पाय ठेवत बेड्यापर्यंत चालत गेला आणि तिथे बांबूला धरून उभा राहिला. इतके दिवस त्याने उराशी धरून ठेवलेलं ते तिचं जाणं नव्हतं. पाऊस थांबल्यावर निघालेल्या माणसाचं ते जाणं होतं.

तो वळला नाही. तिकडे तोंड करूनच म्हणाला, "मी पावस थांबायची वाट बघत ऱ्हवलंय, मामी."

मुलगी गेलेली ती बाई. तिने काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हीच ठरवा. मी इतक्या वेळा ही गोष्ट सांगितली, पण इथे आलो की दर वेळी मला वाटतं, आता ती त्याला शिव्या घालेल. तिने घातल्या असत्या तरी कुणी तिला बोल लावला नसता. ती म्हणाली, "होय. उशिरान गेलात. पण गेलात."

मग बुधाजी गोठ्यात गेला, कुदळ घेऊन आला आणि बेड्यापाशी पहिला घाव घातला. माती विटेसारखी कडक झाली होती. कुदळीचा तो आवाज वरच्या वाडीला ऐकू गेला, मग खालच्या. कुणी कुणाला बोलावलं नाही. माणसं आपापली चोपणी घेऊन आली. या वेळी बेड्यातून आली. कुणी खणू लागलं, कुणी घागरी वाहू लागलं. बायांनी शेण कालवून ठेवलं. एरवी खळं चोपताना टिंगलटवाळी चालते, गाणी चालतात, त्या दिवशी नुसते ठोके ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खळं चोपून झालं. बायांनी मागे सरत सरत जाड सारवण घातलं आणि बेड्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आता ते सुकायचं, मग मानकरी शेतावर जाणार, पहिली पेंढी आणणार, आणि मग बाकीच्यांचं सुरू.

तेवढ्यात डोंगराच्या अंगाने ढग चढायला लागले. कार्तिकात येतो तसला अवेळी पाऊस. शेतात, बांधांवर, सगळ्या गावाचं उरलंसुरलं धान्य उघडं पडलेलं. सगळे आधी आभाळाकडे बघायला लागले आणि मग बुधाजीकडे. तो ओटीवर बसला होता, खाली पसरलेलं ओलं सारवण, आणि पलीकडे सगळा गाव. तो उठलेला बघून धाकू गुरव सवयीने ओरडला, "थांबा मानकऱ्यांनू! सुकांदे, मगे जावा."

बुधाजीने ते ऐकलं आणि पायरीवरून सरळ सारवणात उतरला.

बाया 'अगो बाय!' म्हणून ओरडल्या. दोन दिवसांची मेहनत होती ती. तो चालत राहिला. घोट्याला शेण लागलं, मागे एकेक पाऊल उमटत गेलं. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. तो बेड्यातून बाहेर पडला आणि पळायला लागला. मानकऱ्याला पळताना गावाने पहिल्यांदा बघितलं. त्याच्या मागे सगळा गाव पळाला, आपापल्या शेताकडे. एक बाई पावलं बुजवायला शेणाचा हात घेऊन वाकली, तेव्हा सत्यभामेने तिचं मनगट धरलं. "ऱ्हवांदे ती," म्हणाली.

पाऊस आला की नाही, याबद्दल आमच्याकडे दोन मतं आहेत. वरच्या वाडीची माणसं म्हणतात, चार थेंब पडले आणि ढग निघून गेले. खालच्या वाडीवाले म्हणतात, रात्रभर कोसळला, पण तोवर भात घरात आलं होतं. अर्धं गेलं होतं, अर्ध्यावर गावाने वर्ष काढलं.

बुधाजी त्यानंतर सुखी झाला का, ते गोष्टीत नाही. तो पुष्कळ वर्षं जगला एवढं सांगतात. पुढच्या पावसाळ्यात गावाच्या अगदी खालच्या टोकाच्या घरात एक माणूस गेला. मानाच्या उतरंडीत ते घर शेवटचं, त्यांचं खळं सगळ्यांच्या मागून व्हायचं. पाऊस सरला, लोक चोपणी घेऊन रिवाजाप्रमाणे मानकऱ्याच्या दारात जमले. बुधाजी आपलं चोपणं खांद्यावर टाकून बाहेर आला आणि त्यांच्यामधून वाट काढत खालच्या टोकाला चालायला लागला. गावाला समजलं. धाकू गुरवाने या वेळी कौल लावलाच नाही, म्हणे. देवाचाही विचार घ्यायला नको, असं त्याला त्याच्या आयुष्यात तेव्हा एकदाच वाटलं असावं.

आजही आडवळमध्ये पहिलं खळं होतं ते त्या वर्षी माणूस गेलेल्या घराचं. मानकऱ्यांच्या घरातली, म्हणजे बुधाजीच्या भावकीतली, माणसं सगळ्यांत पुढे असतात. सारवण झालं की गाव बेड्याबाहेर उभा राहतो, आणि घरातला जो सगळ्यांत जास्त मोडला असेल त्याने ओल्यावरून चालत बाहेर यायचं. कुठे जायचं ते त्याने ठरवायचं. शेतावर जावं, विहिरीवर जावं, दुकानावर जाऊन काडेपेटी आणावी. द्रौपदी परवा नुसती रस्त्यापर्यंत जाऊन एसटीकडे बघून परत आली. चालतं.

आणि नाहीच उतरलं माणूस तर? हे प्रत्येक पाहुणा विचारतो. कुणी हात धरून उतरवत नाही, कुणी समजूतही काढत नाही. सारवण सुकतं, लोक आपापल्या घरी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चोपणी घेऊन येतात, वरचा थर खरवडून काढतात, पुन्हा भिजवतात, पुन्हा चोपतात, पुन्हा सारवतात. शेतात स्वतःचं भात उभं असलं तरी येतात.

माझी बायको प्रभावती आषाढात गेली, त्या वर्षी मी नाही उतरलो. ही गोष्ट मला तोंडपाठ, तुमच्यासारख्या शेकडो जणांना सांगितलेली, तरी ओटीवर बसून राहिलो. माणसं समोर चोपत होती आणि मला ते दुसऱ्या गावात चालल्यासारखं वाटत होतं. खळं पुन्हा झालं, पुन्हा सुकलं, पुन्हा झालं. मग एका दुपारी बघितलं, तर मानकऱ्यांच्या भिकाजीच्या तळहाताचे फोड फुटले होते. त्याने खिशातला रुमाल काढून हाताला गुंडाळला, दाताने गाठ मारली आणि पुन्हा चोपायला बसला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी सारवण झाल्यावर मी पायरी उतरलो.

काय वाटलं, असं तुम्ही आता विचारणार. मन हलकं वगैरे काही झालं नाही. पायाला गार लागलं. आषाढापासून मला काहीच लागत नव्हतं, ते गार लागलं.